खालकर सरांचे चार तास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. काही वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी, स्टाफरूममध्ये बसून मी एका माणसाचे आठवड्याचे चार तास पुसून टाकले. खोडरबर त्याचाच होता. पुसून झाल्यावर कागदावर फुंकर मारली, भुकटी उडाली, आणि मी चहा प्यायलो. चहाही त्यानेच आणला होता.

शाळेशी ज्यांचा संबंध पालक म्हणून निकालापुरता येतो त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. तास म्हणजे पस्तीस मिनिटं. पण शिक्षकाची नोकरी या पस्तीस-पस्तीस मिनिटांवर उभी असते. आठवड्याचे ठरलेले तास भरले तर तो शिक्षक. कमी भरले तर तो ‘अतिरिक्त’. अतिरिक्त शिक्षकाचं मग समायोजन होतं. म्हणजे जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे त्याला पाठवतात. आमच्या शाळेचं वेळापत्रक मी करतो. तेव्हाही मीच करायचो.

ज्याचे तास पुसले ते भास्कर खालकर. कार्यानुभवाचे शिक्षक. मूळ गाव सायखेडा, वर्ण गोदाकाठच्या मातीचा, अंगात वर्षभर एकच करड्या रंगाचा सफारी, आणि सफारीच्या वरच्या खिशात, जिथे इतरांचं पेन असतं तिथे, पावतीपुस्तक.

या पावतीपुस्तकाने आमच्या शिक्षक संघात जेवढी दहशत निर्माण केली तेवढी शिक्षणाधिकाऱ्यांच्या तपासणीनेही कधी केली नाही. संघाचा एक साहाय्य निधी होता. सभासद आजारी पडला, विनाअनुदानित शाळेत बिनपगारी राबणाऱ्या कुणाच्या घरी चूल पेटेना, तर त्यातून मदत द्यायची. निधी स्थापन करताना भाषणं झाली, हार झाले, फोटो झाले. फक्त निधी झाला नाही. तेव्हा कुणीतरी थट्टेने म्हणालं, खालकर सरांना द्या, ते कागदाच्या कपट्यातूनही काहीतरी करतात. थट्टा सगळ्यांना कळली. सर सोडून.

त्यांनी त्या संध्याकाळीच पावतीपुस्तक बांधायला घेतलं. मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांची उरलेली कोरी पानं कापली, मैद्याची खळ लावून बांधली, आणि पावती सहज फाटावी म्हणून बायकोच्या शिवणयंत्रावर, दोरा न ओवता, मधोमध शिवण मारून भोकांची रेघ पाडली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन पहिलं वाक्य म्हणाले, जे पुढे सगळ्या जिल्ह्याला पाठ झालं.

“सर, कल्पना फुकट हाय. पावती मात्र घ्यावी लागंल.”

त्यांच्या कल्पना फुकट होत्या हे खरं. त्यांचा पुरवठाही त्याच मानाने होता.

पहिली कल्पना घंटीची. संघाच्या सभेत पाच मिनिटांच्या वर बोलणाऱ्याने दर मिनिटाला पाच रुपये निधीत टाकायचे. सर पहिल्या रांगेत टेबलावरची टिंगटिंग घंटी घेऊन बसले. आमच्या अध्यक्षांना पाच मिनिटं तर ‘व्यासपीठावरील’ म्हणायलाच लागायची. त्या सभेत ते सत्तेचाळीस मिनिटं बोलले आणि शेवटी हसत हसत पाकीट काढलं. पुढच्या सभेला मात्र ते सहा मिनिटांत खाली बसले. सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला. सर अस्वस्थ. उठून हात जोडून म्हणाले, “साहेब, तब्येत बरी हाय ना? जरा सविस्तर बोला. निधी आटलाय.”

दुसरी कल्पना फ्लेक्सची. अध्यक्षांच्या वाढदिवसाला शहरातल्या द्वारका चौकात त्यांचा हसरा फ्लेक्स लागायचा, खाली आम्हा पंचवीस जणांचे टिकलीएवढे फोटो. सरांनी वर्गणीचं गणित मांडलं आणि सुचवलं की यंदा फ्लेक्स लावू नये. ते पैसे निधीत घ्यावेत, आणि प्रत्येकाला ‘फ्लेक्स लावला नाही’ अशी पावती द्यावी. ठराव मंजूर झाला, कारण विरोध करायला हात वर करणारा अध्यक्षांचा चमचा ठरला असता. वाढदिवसाला अध्यक्ष द्वारकेवरून दोनदा गेले म्हणे. दोन्ही बाजूंना बघत. सरांनी त्यांनाही घरी जाऊन पावती दिली.

तिसरी कल्पना मला अजून आवडते. प्रत्येक शिक्षकाच्या कपाटात एक खण जप्तीचा असतो. भोवरे, बेचक्या, चिंचोक्यांच्या पुरचुंड्या, पत्त्यांचे जोड. जप्त करताना ‘वर्ष संपल्यावर ने’ म्हणतो. मूल लाजून येत नाही आणि आपण लाजेपोटी फेकत नाही. सरांनी वीस शाळांचे खण रिकामे करून घेतले, वस्तूंना चिठ्ठ्या बांधल्या आणि माजी विद्यार्थ्यांना बोलावलं: आपली वस्तू ओळखा, निधीला वाटेल ते द्या, घेऊन जा. पोटाचा घेर सांभाळत एक पोलीस हवालदार आला आणि आपली बेचकी ओळखून तिथेच खडा लावून बघायला लागला. एका दंतवैद्याच्या चिठ्ठीवर ‘वस्तू: प्रेमपत्र, अपूर्ण’ असं लिहिलेलं होतं. त्याने ते बायकोसमोर सोडवून घेतलं. पत्र बायकोला नव्हतं. त्या पावतीची रक्कम त्या दिवसाची सर्वांत मोठी होती.

एक नियम मात्र सरांनी कधी थट्टेवारी नेला नाही. देणाऱ्याचं नाव पावतीवर मोठ्या अक्षरात. घेणाऱ्याचं नाव कुठेच नाही. वहीत नाही, पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर नाही, अध्यक्षांच्या कानातही नाही. “घेनाऱ्याला उद्या त्याच स्टाफरूममधी चहा प्यायचा असतो, सर,” असं म्हणायचे.

आता मी माझ्याकडे येतो. मला टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मंगलचं, माझ्या बायकोचं, मोठं ऑपरेशन झालं आणि पुढे वर्षभराची महागडी औषधं लिहून दिली गेली. सरांना कुठून कळलं कोण जाणे. सायकल स्टँडपाशी मला गाठून, इकडेतिकडे बघत, ते म्हणाले, “सोनवणे सर, निधी हाय. सही कराया नको, अर्ज नको. मी बघतो.”

मी म्हणालो, “सर, आपण देणारे. घेणाऱ्यांच्या रांगेत आपण नाही.”

असं वाक्य तोंडातून निघालं की माणसाला आपण उंच झाल्यासारखं वाटतं. उंची टिकवायला मी कॉलेज रोडला गणिताच्या शिकवण्या धरल्या. शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये असा नियम आहे, पण त्याहून मोठी अडचण वेळेची होती. नव्या वेळापत्रकात आठवड्यातले चार दिवस मला शेवटचा तास आठवी ‘ब’वर येत होता. तो संपवून द्वारकेच्या गर्दीतून निघेपर्यंत शिकवणीची मुलं निम्मी परत गेली असती. माझा गणिताचा तास शेवटच्या जागेवरून पाचव्या जागी आणला तर प्रश्न सुटत होता. पाचव्या तासाला आठवी ‘ब’मध्ये खालकर सर होते. अदलाबदल करावी तर शेवटच्या तासाला ते नववीवर.

मी बराच विचार केला असं लिहायला आवडलं असतं. मी समोर बसलेल्या खालकर सरांकडे खोडरबर मागितला.

चार चौकटींत ‘खा’ होता. तिथे ‘सो’ आला. आणि शेवटच्या तासाला, जिथे शिक्षकच उरला नव्हता, तिथे मी ‘स्वयंअध्ययन’ असं लिहिलं. मुख्याध्यापिका आहेर मॅडमना तो शब्द इतका आवडला की वार्षिक अहवालात त्यांनी त्यावर एक परिच्छेद लिहिला.

त्याच वर्षी सरांनी त्यांची सगळ्यांत वेडगळ कल्पना काढली.

शाळेत कुणी गैरहजर असलं की त्याचे तास इतरांना वाटून देतात. त्याला बदली तास म्हणतात. सकाळी बदली तासांची वही घेऊन शिपाई स्टाफरूममध्ये शिरला की शिक्षकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. कुणाचं डोकं दुखायला लागतं, कुणाला बँकेत जायचं असतं. सरांनी जाहीर केलं: ज्याला बदली तास नको असेल त्याने निधीत वीस रुपये टाकावेत, तास खालकर घेईल.

“सर, उलटं आहे हे,” मी म्हणालो. “तास घेतल्याचे पैसे तुम्हाला मिळायला पाहिजेत.”

“कल्पना फुकट हाय,” ते म्हणाले आणि पावतीपुस्तक काढलं.

स्टाफरूमला उत्सव आला. शिपायाच्या आधी सरच वही बघायला दारात उभे राहू लागले. इंग्रजीचा बदली तास असो, भूगोलाचा असो, सर हातात कात्री, घोटीव कागद आणि खळीचा डबा घेऊन निघायचे. आहेर मॅडम म्हणायच्या, “खालकर सर, भूगोलाच्या तासाला मुलं वह्या शिवतायत!” सर म्हणायचे, “मॅडम, नकाशाचीच वही हाय.” पाठीमागे आम्ही त्यांना ‘वीस रुपयेवाले’ म्हणायला लागलो. हे नाव मी ठेवलं. तेही आजवर कबूल केलं नव्हतं.

बदली तास सर्वांत जास्त मीच झटकले. चार तास त्यांचे पुसले होते. आता स्वतःचे त्यांच्याच गळ्यात घालत होतो, आणि वर दानशूर म्हणून पावत्या गोळा करत होतो. संघाच्या सभेत नियमित देणगीदार म्हणून माझा टाळ्यांच्या गजरात उल्लेख झाला. मी उठून नमस्कारही केला. सर सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होते.

मंगलची औषधं मार्चमध्ये बंद झाली. ती बरी झाली, माझ्यावर ओरडायला लागली. पुढचा जून आला. मी नवीन वेळापत्रक करायला बसलो. आता कसलंच कारण नव्हतं. फक्त शिकवणीला मुलं वाढली होती, स्कूटरची मोटारसायकल झाली होती आणि चार वाजता मोकळं होण्याची सवय लागली होती. मी गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून तसाच उतरवून काढला. या वेळी खोडरबरही लागला नाही.

त्या वर्षी शिक्षणाधिकाऱ्यांकडून तासांची पडताळणी झाली आणि सरांची बेरीज कमी भरली. यादीत नाव आलं: खालकर भास्कर, अतिरिक्त. समायोजन पेठ तालुक्यात. निरोपाच्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला स्वतः बांधलेली एकेक छोटी वही दिली आणि संघाच्या खजिनदाराकडे जमाखर्च सोपवला. पावतीपुस्तकं मात्र सोबत नेली. म्हणाले, “तिकडं पन मानसंच ऱ्हातात.”

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. मोटारसायकलवरून.

यंदा संघाने ठरवलं की निवृत्त झालेल्या खालकर सरांचा सत्कार करायचा. मी आता संघाचा सचिव आहे. निमंत्रण द्यायला, आणि जुनी पावतीपुस्तकं परत आणायला, मीच जायचं ठरलं. ठरवलं इतरांनी. मी तीन रविवार काही ना काही कारण काढलं, चौथ्या आठवड्यात रजा टाकून एस.टी.त बसलो.

पेठमध्ये त्यांची खोली सापडली. दार ओढलेलं. शेजारच्या बाई अंगणात नागली पाखडत होत्या.

“सर शाळंत गेलेत,” त्या म्हणाल्या.

“ते तर निवृत्त झाले ना?”

“झालेत नं. तरी रोज जातात.”

“सायखेड्याला घरी जात नाहीत?”

“घरी कोन हाय? बाई वारल्या त्यांच्या. मिशीन आनलं तेवढं इथं.” त्यांनी सुपाने खिडकीकडे दाखवलं. खिडकीतून शिवणयंत्र दिसत होतं. दोरा ओवलेला नव्हता.

शाळेत गेलो. एका वर्गातून चाळीसेक मुलांचा, काम करताना होतो तसा बारीक गलका ऐकू येत होता. दारातून बघितलं. करडा सफारी, खळीचा डबा, हातात सुई. मला बघून ते दचकले नाहीत. “या सर. मागच्या बाकावर बसा. तास संपू द्या.” मी बसलो. शेजारच्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि न बोलता एक कागद आणि सुई माझ्यासमोर सरकवली. पस्तीस मिनिटांत मी एक वाकडी वही शिवली.

खोलीवर आल्यावर त्यांनी स्टोव्हवर कोरा चहा ठेवला. सत्काराचं ऐकून हसले. “शाल नको. शालीचे पैसे निधीत टाका. पावती देतो.” खिशातून पुस्तक निघालंच.

“सर, अजून बदली तास घेता?”

“इथं शिक्षक कमी, तास लय. कुनी ना कुनी रजेवर असतंच.” ते चहा गाळत म्हणाले. “पैसं नाय घेत आता. तास मिळतो तेवढं पुरं. तास नसला की दिवस लय लांब हुतो, सर. सकाळी आंघोळ करून सफारी घालायची आन् मग बसून काय करायचं?”

तेव्हा मला बदली तासांची वही घेऊन दारात उभे असलेले खालकर सर दिसले. आम्हाला वाटायचं निधीसाठी हा माणूस तास घेतोय. तो तासासाठी निधीचं निमित्त करत होता. आठवड्याचे चार तास कमी झालेला माणूस ते वीस-वीस रुपयांच्या पावत्यांआडून, स्वतः मेहनत करून, परत मिळवत होता. आणि सर्वांत जास्त पावत्या घेणारा मी होतो.

मी कप खाली ठेवला. “सर, मला एक सांगायचंय. आठवी ‘ब’चे ते चार तास—”

“माहीत हाय.”

“काय माहीत आहे?”

“तुम्ही वेळापत्रक पेन्सिलीनं करायचा. मग आहेर मॅडमच्या केबिनमधला मोठा तक्ता कोन करायचा?”

तक्ता तेच करायचे. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. दर जूनला मी केलेला कच्चा कागद त्यांच्या हातात द्यायचो आणि ते दोन दिवस बसून बोरूने पांढऱ्या कार्डशीटवर काळ्या शाईत उतरवायचे. इतकी वर्षं मी त्या चोरीचा विचार केला, पण तिचा पक्का कागद मी त्यांच्याकडूनच करून घेतला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“पेन्सिलीचा ठसा ऱ्हातो, सर,” ते म्हणाले. “कागद तिरपा धरला की दिसतो. ‘सो’च्या खाली ‘खा’ हुता. चार ठिकानी.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

ते उठले. शिवणयंत्राच्या खणातून जुनी पावतीपुस्तकं काढली, एकाचं पान उलगडून माझ्यासमोर धरलं. स्थळप्रत होती. त्यांच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: देणगीदार, भास्कर खालकर. दिले, आठवड्यास चार तास, चालू शैक्षणिक वर्ष. घेणाऱ्याच्या जागी, नियमाप्रमाणे, काही नव्हतं.

“तुम्ही निधी घेत नव्हता,” ते म्हणाले. “म्हटलं, पैसं नाय तर नाय. वहिनी कशा हायत आता?”

“बरी आहे.”

“मग झालं की.”

झालं नव्हतं. मी ती ओळ पुन्हा वाचली. चालू शैक्षणिक वर्ष. मी पुढची पानं उलटली. बदली तासांच्या पावत्या होत्या, माझ्याच नावाच्या कितीतरी. प्रत्येकीच्या मागे बारीक अक्षरात त्या तासाला काय शिकवलं ते, आणि हजर मुलांचा आकडा. पुढच्या वर्षाचा जून आला. तशी दुसरी पावती कुठे नव्हती.

त्यांनी माझं शोधणं बघितलं. पुस्तक हळूच माझ्या हातातून घेतलं.

“दुसऱ्या वर्षी कच्चा कागद आला,” ते पुस्तकाच्या कडा सारख्या करत म्हणाले, “तवा मी आधी आठवी ‘ब’चा रकानाच बघितला. तिरपा धरून पन बघितला. आता ‘सो’च्या खाली बी कायच नव्हतं.” मग एकदम, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते तसे हसले. “तक्ता मातर लय झ्याक उतरला त्या वर्षी. आहेर मॅडमनी फोटो काढला हुता.”

बाहेर शाळेची घंटा झाली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, चटकन कप विसळला आणि खळीचा डबा उचलला. “सातवीवर तास मिळालाय. गावित सर रजेवर हायत. तुमची बस साडेतीनची. पुस्तकं घेऊन जा.”

मी पुस्तकं आणली. संघाच्या कपाटात ठेवली. ते एक सोडून. ते माझ्याकडे आहे, माझ्या वाकड्या वहीच्या शेजारी.

पहिल्या वर्षीचे चार तास त्यांनी मला दिले होते. त्याची पावती आहे. दुसऱ्या वर्षीचे चार तास मी घेतले. त्याची पावती नाही. ते आठवड्याचे चार तास, आठवी ‘ब’, पाचवा तास, मी भास्कर खालकरांचं देणं लागतो.